एकसष्ट आकडी संख्येचा भाजक

लेकीनं घडी घातलेली चिठ्ठी वहीवर आपटली. "घ्या. तुमचा भाजक. ऑफिसातल्या कॉम्प्युटरला नऊ मिनिटं लागली."

मास्तरांनी मान वर केली नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, हा माणूस एका एकसष्ट आकडी संख्येमागे हात धुऊन लागला होता. ती विभाज्य आहे हे कधीच सिद्ध झालं होतं, त्यात वाद नव्हता. पण तिला भाग कशानं जातो, ते काही त्यांच्या जुन्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. गणितात असं चालतं म्हणे. मडकं फुटकं आहे याची शंभर टक्के खात्री, आणि चीर कुठं आहे ते मात्र दिसत नाही.

संख्येच्या ठेवणीवरून बहुतेक भाजक आधीच बाद व्हायचे; उरलेले मास्तर एकेक घेऊन हातानं भागायचे. मशीनला शिवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. ते खोलीत असताना हाक मारायची नाही, हा घरातला कायदा. मध्येच कुणी बोललं की हातचा चुकतो आणि पानभर भागाकार वाया जातो. मग दारात पाहुणे येवोत, नाहीतर आईला धाप लागो, कायदा म्हणजे कायदा. सगळ्यांत कसोशीनं तो आईनंच पाळला. तिला जाऊन दीड महिना झाला, आणि हे आपले पुन्हा त्याच खुर्चीत. लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"वाचता, की मी वाचू?"

"नको वाचूस."

"का? जिवावर आलं? अकरा वर्षं आम्ही या घरात चोरपावलांनी वावरलो. आता ऐकूनच घ्या." तिनं चिठ्ठी उचलून उलगडली. "नऊ आकडी आहे. सात, चार, एक, आठ..."

"शून्य, सहा, तीन, पाच, तीन," मास्तर म्हणाले.

तिनं चिठ्ठीकडं पाहिलं. एकही आकडा चुकला नव्हता.

"कधी सापडला?"

"तुझ्या आईला दुसऱ्यांदा दवाखान्यातून घरी आणलं ना, त्या आठवड्यात."

"म्हणजे पुढं सात महिने ती पलंगावर पडून होती, आणि तुम्ही इथं दार लावून बसलात. काय करत होतात?"

मास्तरांनी वरची वही तिच्याकडं सरकवली. पानापानावर एकच भागाकार. तीच संख्या, तोच भाजक, तेच सुबक अक्षर, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बाकी शून्य.

"तिच्यापाशी बसणं मला जमत नव्हतं," ते म्हणाले. "तिचा श्वास ऐकला की मी उठून इकडं यायचो. भित्रा आहे मी. इथं निदान उत्तर बरोबर यायचं."

लेक त्यांचं नाक ठेचायला आली होती. वाटेत तिनं सगळी वाक्यं घोकून ठेवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं, आणि त्यामुळं तिचा संताप उलट वाढलाच. तिनं वही मिटली, चिठ्ठी वर ठेवली आणि आवाज न चढवता बोलायला लागली.

"शेवटच्या दिवशी दुपारी आईनं मला विचारलं, 'सापडला का गं त्यांना?' मी म्हटलं, नाही अजून."

मास्तरांनी पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं.

"तर म्हणाली, 'मग राहू दे. हाक नको मारूस.'"