आज डबा नको

निलंबनाच्या आदेशावर फक्त सही व्हायची होती. अन्न कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी पेनाचे टोपण काढले, क्षणभर विचार केला आणि परत लावले.

"ऐकून घेतल्याशिवाय मी कुणाची मान कापत नाही," त्या म्हणाल्या. "कापायची ठरलेली असली तरी."

टेबलापलीकडे, ज्यांच्या नावाचा तो आदेश होता ते अन्न निरीक्षक ताठ बसले होते. बाजारात सगळे त्यांना भिंग म्हणत, अर्थात पाठीमागे. फ्रीजच्या दाराच्या रबराखाली बोट घालून त्या बोटाचा वास घेणारा हा माणूस. त्यांच्या हातून एकही हॉटेल, एकही बेकरी बिननोटिशीची सुटली नव्हती. सुटली होती ती काकूंची खानावळ. तिथे ते न कळवता जात आणि दर वेळी अहवालात एकच ओळ लिहून परत येत: त्रुटी आढळली नाही.

त्याच ओळीने घात केला होता.

"मॅडम, पिठाची पोती जमिनीवर दिसली म्हणून माझ्या बेकरीला आठवडाभर कुलूप," तक्रार करणारा बेकरीवाला म्हणाला. "काकू माझ्या शेजारी. भिंतीला भिंत लागून. माझ्याकडची झुरळं काय त्यांच्या दारावरची पाटी वाचून परत फिरतात? काकूंना कुणीतरी आधी कळवतं. आणि फुकट कळवत नाही."

मॅडमना हसू आले. ते त्यांनी खोकल्यात मिसळले आणि निरीक्षकांकडे वळल्या.

"काकूंशी तुमचा काय संबंध?"

"दुपारचा डबा त्यांच्याकडून येतो. घरी मी एकटाच. पैसे दर महिन्याला चोख, पावती घेऊन."

"म्हणजे त्यांचं मीठ खाता."

"खातो. म्हणूनच पथ्य पाळतो." निरीक्षकांचा आवाज जरा चढला. "ज्याचं खाल्लं, त्याचा निवाडा त्या दिवशी करू नये. तपासणीच्या दिवशी मी सकाळीच फोन करून डबा बंद ठेवतो. उपाशीपोटी जातो, मॅडम. तिथलं पाणीसुद्धा घेत नाही."

हुकमाचा पत्ता टाकावा तसे ते बोलले आणि खुर्चीला टेकले.

"हे कार्यालयाला कधी कळवलंत?"

"उपाशी राहायला परवानगी लागते, हे माहीत नव्हतं."

दाराजवळच्या खुर्चीत काकू साक्षीला बसल्या होत्या. निरीक्षकांचे बोलणे ऐकताना त्यांनी मांडीवरची पिशवी हळूहळू पोटाशी ओढून घेतली होती.

"यांनाच विचारा ना," बेकरीवाला म्हणाला. "साहेबांना कितीला पटवलं ते."

काकू उठून उभ्या राहिल्या. तोंड उघडले तर खानावळीच्या परवान्यावर बेतणार होते. मिटून बसल्या तर साहेबांची नोकरी जाणार होती, आणि नोकरीपेक्षा मोठे म्हणजे त्यांचे नाव.

"पैशाची गोष्ट काढू नकोस," त्या बेकरीवाल्याला म्हणाल्या. "या माणसाने लाच घेतली असती ना, तर तिचीही पावती फाडली असती." मग त्या मॅडमकडे वळल्या. "आम्हाला आधी कळायचं, हे खरं आहे. सांगायचे ते साहेबच. पण आपण सांगतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं."

"नीट सांगा."

"गावाला जाणार असले की साहेब आदल्या दिवशी सांगतात. पोट बिघडलं तर पोट बिघडलं म्हणतात. खोटं कारण त्यांना सुचतच नाही. त्यामुळे सकाळी नुसतं 'आज डबा नको' एवढंच म्हणून फोन ठेवला, की आम्ही पातेली उतरवतो आणि बादल्या भरतो. सून ओटा घासते, जाऊबाई बरण्या पुसतात. साहेब पोचेपर्यंत आमचे हे दाढी करून, डोक्याला टोपी लावून दारात उभे असतात. एरवी ते टोपी शोधतसुद्धा नाहीत."

मॅडमनी पेन बाजूला ठेवले.

"एवढं सोपं होतं?" बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "आधी सांगायचंत ना, काकू. मीपण त्यांना रोजचा पाव लावून दिला असता."

मॅडमनी आदेशाचा कागद आडवा फाडला, मग उभा.

"लाच घेतली नाही, हे मान्य," त्या निरीक्षकांना म्हणाल्या. "शहाणपण दाखवलं नाही, हेही मान्य. डबा ज्या दिवशी सुरू केलात, त्या दिवशीच ही खानावळ दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती. न्याय करणाऱ्याने एक दिवस उपास केला म्हणून तो परका होत नाही. काकू, तुम्हाला सुधारणेची नोटीस निघेल. ती घेऊन येणारा निरीक्षक दुसरा असेल, आणि तो डबा घरून आणतो."

काकूंनी मान डोलावली. परवाना वाचला होता, तूर्त तरी. बेकरीवाला पाय आपटत बाहेर पडला.

निरीक्षकांची नोकरी वाचली होती आणि नावालाही डाग लागला नव्हता. तरी ते उठेनात. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. कित्येक वर्षांचे अहवाल ते मनातल्या मनात पुन्हा वाचत असावेत.

"काकू," ते शेवटी म्हणाले, "म्हणजे तुमचं स्वयंपाकघर लख्ख असायचं, त्या दिवशी मी उपाशी असायचो."

"हो, साहेब."

"आणि जेवायचो त्या दिवशी?"

काकूंनी पिशवी खांद्याला अडकवली.

"त्या दिवशी घासायला वेळ कुठला, साहेब? तुमचा डबा गरम पोचवायचा असतो ना."