रिकामा पंप

थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षी मिस्त्रीनं दवाखान्याचा पंप उघडायला घेतला. हा पंप मिस्त्रीचा मोठा भाऊ, दादा, चालवायचा. पाणी ढकलणारं आतलं चाक, इंपेलर, कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

“चालत्या पंपाच्या पोटात कशाला हात घालतोस? घरी करमत नाही वाटतं!” दादा हसला, पण पंपावरचा हात काढेना.

“सरक दादा. पाणी अडलं तर वरच्या पेशंटांचं काय?”

झाकण निघालं. आत इंपेलर नव्हताच. नुसता दांडा होता, आणि तो माणसाच्या अंगासारखा कोमट लागला. सकाळीच याच पंपानं टाकी काठोकाठ भरली होती. मिस्त्रीचे हात आपसूक जोडले गेले.

“पाहिलंस ना? झाक आता,” दादा हळूच म्हणाला.

पण वर पेशंट होते. मिस्त्रीनं नवा इंपेलर बसवला, बटण दाबलं.

दादा त्याच दुपारी, पंप सुरू होताच, वारला.