ओला लसूण

"थांब गं सरजे! उपटू नको!"

सरजाबाई वाकली होती तशीच थांबली. मुठीत लसणाची पात, अन् भिंतीवर कासाबाईचं मुंडकं.

"का गं बाई? पाती पिवळ्या पडल्या, माना लवल्या, गड्डा भरला. आता न्हाई काढला तर कवा काढू?"

"आत्ता काढलास तर ओला निघंल. आमच्या साधनाला पाहिजे. तुमच्या घरचं ओलं आमाला चालत न्हाई, ठावं हाय ना?"

ठावं नसायला काय झालं? सरजाबाईचं घर बौद्धवाड्यातलं शेवटचं. भिंतीपलीकडं मेंढरंवाल्यांची गल्ली. मधला नेम दोन्हीकडं तोंडपाठ. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. ज्वारी चालते, भाकर नाही. डाळ चालते, वरण नाही. कासाबाईच्या मेंढरांच्या लेंड्या पावसात भिजून याच वाफ्यात खत म्हणून पडल्या, तेव्हा मात्र हा नेम ढाराढूर झोपला होता.

कासाबाईची सून साधना बाळंत झाली होती. अंगावर दूध येईना. म्हाताऱ्या सुईणीनं सांगितलं, गावरान लसूण घाला, बाजारातला जाडा नको. अन् गावरान लसूण होता फक्त सरजाबाईच्या वाफ्यात.

"मग मी काढते, सावलीला वाळवते, मग ने," सरजाबाई म्हणाली.

"तुझ्या घरात वाळला तर तुझ्या घरचा झाला. मातीत वाळला तर मातीचा. राहू दे उभ्यावर."

एवढी अक्कल कोर्टात चालवली असती, तर बाई जज्ज झाली असती.

सरजाबाईनं पात सोडली. कासाबाईसाठी नाही, त्या लेकरासाठी. दोनचार दिवसांत वाळेल, नेईल, असं तिला वाटलं. पण पात वाळली तरी जमिनीतला गड्डा काही वाळेना. कासाबाई रोज भिंतीवरून बघायची, "अजून ओल हाय" म्हणायची अन् मेंढरं घेऊन माळाला जायची. मागं लेकरू रडायचं. आधी मोठ्यानं रडायचं, मग बारीक आवाजात. तो बारीक आवाज ऐकून सरजाबाईला घास गोड लागेना. तिनं एक गड्डा उकरून पाहिला. साल फाटलेली, कुड्या फाकलेल्या. अजून थांबलं तर मातीतच सडणार. धर्म पाळायला लसणाला काय पडलंय? तिनं सगळा वाफा उपटला, गड्डे छपराखाली पसरले अन् वाळक्या पाती कासाबाईला दिसायला परत मातीत खोचल्या.

दुपारी साधना लेकरू घेऊन दारात उभी.

"मावशी, ओलाच द्या."

"तुझी सासू मला फाडून खाईल, बाई."

"खाऊ द्या. तिला तरी पोटभर मिळंल."

सरजाबाईला हसू आलं अन् रडूही. तिनं लसूण ठेचला, तेलात परतला, तव्यावरची भाकर ताटात टाकली. साधना खाली मान घालून जेवली. वर तांब्याभर पाणी प्याली. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही आली. दूध लसणानं उतरलं, की बाळंतिणीला पहिल्यांदाच पोटभर मिळालं म्हणून, कोण जाणे. पण उतरलं. लेकरू चुपचुप पिऊ लागलं.

त्याच दिवशी कासाबाई माळावरून लवकर परतली. घरात सून नाही. शोधत शोधत ती सरजाबाईच्या दारात आली. ताट दिसलं, भाकर दिसली, तेलात न्हालेला लसूण दिसला.

"काय खायलीस गं सटवे? ओलं?"

सरजाबाईनं हातातली भाकर पदराआड केली. साधनानं मात्र मान वर केली.

"ओलंच. अन् तुमचा नातू पियालाय ते बी ओलंच हाय, आत्याबाई. त्याला बी वाळूस्तर थांब म्हणू का?"

कासाबाईनं लेकराकडं पाहिलं. मग गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. कुणी नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ती तो उंबरा ओलांडून आत आली अन् दार लोटून घेतलं. नातवाच्या हनुवटीवरचा दुधाचा ओघळ पदरानं पुसला. हळूच म्हणाली,

"खाय, पोटभर खाय. फकस्त गल्लीत कुणी इचारलं तर सांग, लसूण वाळल्याला होता."