दोघांचा भात

"बीएमआय एकतीस, काका. उंचीच्या मानाने वजन फारच वाढलंय, अशानं शुगर-बीपी मागे लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकू होत्या तोवर अगदी काटक होतात. आता स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. आजारपणात हिनं पलंगावरून शिकवला. माणशी मूठभर तांदूळ. मी दोन घालतो."

"एकट्याला दोन?"

मुकुंदरावांनी मान खाली घातली. "दोघांचाच अंदाज हातात बसलाय. आणि अन्न टाकलेलं तिला खपत नसे. मग तिच्या वाटणीचंही मीच संपवतो."

"आजपासून एकच मूठ."

संध्याकाळी त्यांनी कुकरात एक मूठ घातली. सवयीनं दुसरीही भरली आणि तशीच धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मग ते तांदूळ डब्यात परत सोडून, भिंतीवरच्या फोटोकडे न बघता म्हणाले, "रागावू नकोस हं. डॉक्टरांनी तुझं जेवण बंद केलंय."