फोरमन कुणाचं ऐकत नाहीत

शिडीवर उभे राहून फोरमन फोनवर ओरडत होते. "मला वेळ नाही! छपराचे पत्रे बांधायचेत. वादळं मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलीत."

"बाबा, तुमचं घर बंधाऱ्याच्या अगदी खाली आहे," मुलगा पलीकडून म्हणाला. "समुद्र आत आला तर छपरासकट वाहून जाल. आमच्याकडे या. ती पण म्हणत होती..."

फोरमननी फोन बंद केला. सुनेचा विषय निघाला की फोन बंद, हा त्यांचा नियम होता. मुलाने न विचारता लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ती कुठली, काय करते, हेही कानावर पडू दिलं नव्हतं. गोदीत आयुष्यभर हुकूम सोडलेला माणूस. नोकरी संपली, हुकूम संपले नव्हते.

ऐकायचे ते फक्त एका बाईचं. रेडिओवरच्या. रोज सकाळी समुद्राचा अंदाज सांगणारी ही बाई. स्वच्छ आवाज, पाल्हाळ नाही, स्वतःचं नाव सांगायचीही हौस नाही. वादळाची खबर आल्यापासून ती जवळजवळ अखंड बोलत होती आणि आता तिचा घसा पार बसला होता.

"याला म्हणतात कामाची निष्ठा," फोरमननी सकाळीच शेजारणीला ऐकवलं होतं. शेजारीण गाडीत गाद्या कोंबत होती. "मग तिचं ऐकून निघा की," ती म्हणाली आणि गाडीत बसून गेलीसुद्धा.

खिडकीतल्या ट्रान्झिस्टरवर आताही तीच होती. "लहान मुलांच्या खिशात नाव आणि पत्ता लिहून ठेवा. गुरं गोठ्यात बांधून ठेवू नका, सोडून द्या. पिण्याचं पाणी आत्ताच भरा. आणि वयस्कर मंडळींनी छपरावर चढायचा पराक्रम करू नये. शिडीवर असाल तर खाली उतरा. छप्पर पुन्हा घालता येतं."

फोरमन मुकाट्याने खाली उतरले. गुडघा तसाही कुरकुरत होता.

मग ती सांगेल तसं सगळं झालं. गॅस बंद, मेन स्विच बंद. घराची कागदपत्रं आणि बायकोचा फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बांधून. "मागच्या दाराची कडी ढिली असेल तर आतून टेबल लावा," बाई म्हणाली. फोरमनच्या मागच्या दाराची कडी मुलगा शाळेत जात होता तेव्हापासून ढिली होती. त्यांनी टेबल ओढलं. घरी येऊन बघून गेल्यासारखी बोलते, असं त्यांना कौतुकाने वाटलं.

राहिला प्रश्न निघण्याचा. तिथे मात्र फोरमन अडून बसले होते.

"बंधाऱ्याखालच्या लोकांनी दुपारच्या आत घर सोडा," बाई सांगत होती. "निवारा लांब पडत असेल तर नातेवाइकांकडे जा. अबोला असला तरी जा. भांडण वादळानंतर पुढे चालू ठेवता येईल, पण त्याला दोन्ही माणसं जिवंत लागतात."

फोरमनना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. हसता हसता त्यांनी रेनकोट चढवला, पिशवी आणि ट्रान्झिस्टर आत दडवला आणि दाराला कुलूप लावलं.

टेकडीवरच्या घराचं दार मुलाने उघडलं.

"तुझ्यासाठी आलेलो नाही," फोरमन म्हणाले. "रेडिओवर सांगितलं म्हणून आलो."

आत येताच त्यांनी गोदीतल्यासारखी पाहणी सुरू केली. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. बादल्या, पातेली, पिंप, सगळं पाण्याने भरलेलं. बिनखिडकीच्या बोळात गाद्या घातलेल्या आणि उशाशी टॉर्च. नाव ठेवायला जागा सापडेना. शेवटी फ्रिजवर एक निळी डबी दिसली.

"फ्रिज काय डब्या ठेवायला असतो?" ते म्हणाले. "कुणी केलं हे सगळं?"

"तिने."

"आणि आहेत कुठे बाईसाहेब?"

"कामावर."

"असल्या दिवशी? घर वाऱ्यावर सोडून?"

"तुम्हीच म्हणता ना बाबा, तिचा विषय नको."

फोरमननी खिसा चाचपला. रक्तदाबाच्या गोळ्या घरीच राहिल्या होत्या. हे मुलाला सांगायचं म्हणजे नाक कापून हातात देण्यासारखं. त्यांनी खिशाचं बटण लावून टाकलं.

मग वादळ आलं. वीज गेली, फोन गेले. बापलेक बोळात गाद्यांवर खेटून बसले. फळ्या थरथरत होत्या, वर कुठेतरी पत्रा फाटल्याचा आवाज झाला. मधे ट्रान्झिस्टर, आणि त्यातून तो बसलेला आवाज. मुलाने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

आणि एकदम सगळं शांत झालं. फळ्यांच्या फटीतून चक्क ऊन आत आलं.

"संपलं," फोरमन उठले. "घर बघून येतो. तिच्या हातची बाग आहे तिथे, तुझ्या आईची."

"बाबा, थांबा! अजून काही नक्की कळलेलं नाही."

"मला शिकवू नकोस." त्यांनी चपला पायात सरकवल्या. मुलगा आडवा आला, त्याला त्यांनी बाजूला सारलं. हात कडीवर गेला.

"वारा पडलाय," ट्रान्झिस्टर बोलला. "फसू नका. हा वादळाचा मधला भाग आहे. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने आणि तितक्याच जोराने येईल. कुणीही दार उघडू नका. कुणीही घर बघायला जाऊ नका."

फोरमनचा हात कडीवरच थांबला.

रेडिओवरची बाई क्षणभर घुटमळली. मग त्याच बसलेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हीसुद्धा. चपला काढा आणि बसा. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या फ्रिजवरच्या निळ्या डबीत ठेवल्यात."