पुण्याला जाणारे सरगुंडे

विकायच्या वस्तूंच्या यादीत कुत्र्यांच्या शाम्पूवर रुपालीनं काट मारली. त्याआधी मोबाईलची कव्हरं बाद झाली होती, मग योगाच्या चटया. शाम्पूला देशभर मागणी होती म्हणे. पण सासूबाईंनी, मथुराबाईंनी, अंगणातल्या खंड्याकडे पाहून शंका काढली की याची आंघोळ तर पावसाळाच घालतो, मग शाम्पू घेणार कोण? रुपालीला हसू आलं आणि शाम्पूही गेला.

तसं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा रोशन पुण्याला, वाघोलीत, एका गोदामात लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या वस्तू खोक्यांत भरायच्या कामावर होता. लग्नानंतर अंगाची हळद उतरेपर्यंत तो गावी, वऱ्हाडातल्या बोरी अरबात राहिला आणि गेला. तेव्हापासून सणासुदीला पाहुण्यासारखा यायचा. त्याची बॅगसुद्धा खुंटीलाच असायची, कधी रिकामी व्हायची नाही. रुपालीला तो घरात हवा होता. भांडायला हवा होता, जेवायला हवा होता, काही न बोलता नुसता ओट्यावर बसायला हवा होता. त्यानं शब्द दिला होता, "माह्या पगाराएवढं घरबसल्या येऊ दे. धंद्याचा जम बसला, का दुसऱ्या दिवशी गाडीत बसतो."

म्हणून ती शोधत होती. धंदा शिकवणारे ऑनलाइन कोर्सवाले सर सांगायचे, स्वतःच्या आवडीचं विकू नका. बाजारातला असा लहानसा कोपरा धरा, जिथं मागणारे पुष्कळ आणि विकणारा कोणी नाही. रोशननं तिला पुण्यातल्या वऱ्हाडी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं होतं. एका दुपारी तिनं तिथं सरळ विचारलं, गावाकडचं काय खावंसं वाटतं? फोन वाजायचा थांबेना. आंब्याचे दिवस तोंडावर आले होते आणि जो तो एकाच गोष्टीवर येऊन थांबत होता. सरगुंडे. कणकेचे, काडीवर वळलेले, उन्हात वाळवलेले, उकडून आमरसात कालवायचे सरगुंडे. पुण्यात आमरस मिळतो, सरगुंडे मिळत नाहीत. एका बाईनं लिहिलं होतं, आई गेल्यापासून खाल्लेच नाहीत.

कोपरा सापडला. मथुराबाई कणीक मळू लागल्या, शेजारच्या विमलताई काडी घेऊन बसल्या. पहिला माल कुरिअरनं पाठवला, तर पोचेपर्यंत त्याचा चुरा झाला. मग दारव्ह्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत खोकं ठेवायचं ठरलं. ते सकाळी रोशन उतरवून घ्यायचा आणि ड्यूटीच्या आधी जपून घरोघरी पोचवायचा. एका खोक्याची चार खोकी झाली, आणि पुढं तर डिक्कीत दुसऱ्या सामानाला जागा उरेना म्हणून ड्रायव्हर कुरकुरायला लागला. इकडे रुपालीनं कपाटातला एक कप्पा मनातल्या मनात रोशनसाठी रिकामा केला. मग एक दिवस खरंच केला.

रोशनचा फोन आला तेव्हा ती खोक्याला दोरी बांधत होती. एवढ्या आनंदात तो कधी बोलला नव्हता. त्यानं गोदामातली नोकरी सोडली होती. रुपालीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"तुमचा कप्पा मी कवाचाच रिकामा केला," ती म्हणाली. "गाडी कवाची हाय?"

"गाडी कायची? अवं, जम बसला आपला. माल ठेवाले इथं खोली घेतली मी. आता सारा दिवस घरोघरी देऊन राह्यलो. मले इथून हलताच येत नाही."

तो पुढंही बराच वेळ बोलत होता. पुढच्या वर्षी कुरडया, मग लोणची. ती हूं हूं करत राहिली. गिऱ्हाईक जिथं असतं तिथंच माणूस लागतो, हे सरांनी कोर्समध्ये कुठं सांगितलं नव्हतं, आणि तिलाही सुचलं नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा मथुराबाई परात घेऊन उभ्या होत्या. उद्यासाठी किती कणीक भिजवायची, हे त्यांना विचारायचं होतं.

"थांबा जरा, आई," रुपाली म्हणाली.

तिनं मोबाईल पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून शोधायला घेतलं. या वेळी तिनं गावाचं नाव आधी टाकलं, बोरी अरब, आणि मग विचारलं, इथं काय विकलं जाईल?