चार हजार बटणं

"हायपरबोली म्हणजे काय, ते हिच्याकडून शिका," असं म्हणून मॅडमनी पेपर उंच धरला आणि इंग्रजीतलं वाक्य वाचून दाखवलं. माझी आई दिवसाला चार हजार बटणं लावते.

अख्खा वर्ग हसला. पेपर जिचा होता ती मुलगीही हसली. का नाही हसणार? त्या वाक्याला एक मार्क मिळाला होता आणि त्या एका मार्कानं ती पस्तीसवर, अगदी काठावर, पास झाली होती. इंग्रजीत पहिल्यांदाच.

इंग्रजीशी तिचं उभं वैर. पण अलंकारांचा धडा आला आणि तिला चटकच लागली. ‘सारखं’ म्हटलं की सिमिली. ‘सारखं’ न म्हणता एकाला थेट दुसरंच करून टाकलं की मेटाफर. निर्जीव वस्तू माणसागत वागली की पर्सॉनिफिकेशन. फुगवून सांगितलं की हायपरबोली. घरी आली की ती घरच्यांचं बोलणं निवडत बसायची, धान्यातले खडे निवडावेत तसं. पंखा कण्हतोय, हे पर्सॉनिफिकेशन. बाबा आईला तोफखाना म्हणाले, ते मेटाफर. आई शर्टांच्या कारखान्यातून येऊन म्हणायची, "आज चार हजार बटणं झाली." ही हायपरबोली, यात काय शंका? बाबाच कॉटवर लोळत रोज म्हणायचे, "आमच्या बाईसाहेब बोलल्या की दोन शून्यं खोडायची. मग खरा आकडा निघतो."

संध्याकाळी तिनं आईला पेपर दाखवला. आई भाजी चिरत होती.

"हायपरबोली म्हणजे काय गं?"

"जे खरं नसतंच, पण फुगवून सांगतात ते. सगळे जाम हसले, आई."

आईची सुरी थांबली. मग परत चालू झाली.

भाजी चुलीवर चढवून आई खाली टेकली आणि कमरेची छोटी कातर काढून घेतली. कातरीला दोरा बांधलेला असायचा, दोऱ्याला गाठी. रोज संध्याकाळी आई त्या एकेक करून सोडवायची. मुलगी वर्षानुवर्षं बघत होती. कुणाला बोटं मोडायची सवय असते, तशी आईची ही, असं तिनं धरून टाकलं होतं. आज मात्र तिला प्रत्येक गोष्टीचं नाव हवं होतं.

"कशाच्या गं या गाठी?"

"एक गठ्ठा उरकला की एक गाठ. मशीनवर बसलं की डोकं चालत नाही, मोजायला दोराच बरा."

"गठ्ठ्यात किती शर्ट?"

"वीस."

"आणि शर्टाला बटणं?"

"बाबांचा टांगलाय तो बघ."

मुलीनं खुंटीवरचा शर्ट काढला. समोर सात, बाह्यांना दोन, आत शिवलेलं एक जास्तीचं. दहा. तिनं गाठी मोजल्या. एकवीस. बोटांवर हिशेब केला, विश्वास बसेना, म्हणून पेपराच्या मागे गुणाकार मांडला.

"आई, हे बेचाळीसशे होतात. मग तू चार हजार का म्हणतेस?"

"चारलाच हसता तुम्ही," आई म्हणाली. "वरचे दोनशे कुणाला सांगू?"

कॉटवर बाबांना एकाएकी झोप लागली होती.

"आज सोडवू नकोस गाठी," मुलगी म्हणाली आणि कातरीचा दोरा सोडून दप्तरात टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं पेपर आणि दोरा मॅडमच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. "हा मार्क काढा, मॅडम."

"वेडी आहेस का? चौतीस होतील. सुट्टीत परत परीक्षा द्यावी लागेल."

"देईन. पण मार्क राहिला तर माझी आई खोटी पडते."

मॅडमनी गाठी मोजल्या. एकदा मोजून भागलं नाही, दोनदा मोजल्या. मग लाल पेन उघडलं.

घरी बाबांनी कपाळाला हात लावला. "बटणांपायी नापास झाली कार्टी." पण त्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. वर्षातून एखाद्या वेळी घडायचं हे. घडलं की पुढे आठवडाभर शेजारीपाजारी त्याचा डंका पिटला जायचा. याही वेळी पिटला गेला.

सुट्टीत परीक्षा झाली. प्रश्न तोच आला. हायपरबोलीचं स्वतःचं उदाहरण लिहा. या वेळी मुलीला विचार करावा लागला नाही. तिनं इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

माझे बाबा घरकामात आईला मदत करतात.